पाखराचा कौल

रविवारी सकाळी दहा वाजले की लालबागच्या त्या चाळीच्या मागच्या आवारात मुंगीला शिरायला वाव नसायचा. सगळ्यांच्या माना वर आणि डोळे बंद गिरणीच्या भिंतीवर. त्या भिंतीला, माणसाच्या डोक्यापेक्षा हातभर उंच, चिमण्यांसाठी ठोकलेला एक लाकडी खोका होता. खोक्याला लिंबाएवढं भोक, भोकापुढे वीतभर फळी. धोंडूबुवा स्टुलावर चढायचा, फळीच्या दोन टोकांना जास्वंदीच्या दोन ओल्या कळ्या ठेवायचा, खाली उतरून डोळे मिटायचा आणि गाऱ्हाणं घालायचा.

“बा म्हाराजा, साच्यावर ज्यांनी हाडां झिजवली, संपात ज्यांची चूल विझली, ते सगळे आत्मे ह्या पाखरात वस्तीक इले हत. आज ही तुझी लेकरां दारात उभी हत. काय ता उजवा-डावा करून टाक म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” गर्दी म्हणायची.

मग भोकातून भुर्रकन चिमणी उडायची आणि एक कळी खाली पडायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. घर विकावं का, मुलगी द्यावी का, ऑपरेशन करावं का, सगळ्यांचा निकाल पाखरू देत होतं. कोकणात ही माणसं पिढ्यान् पिढ्या गावदेवीला कौल लावत आली होती. मुंबईत देवी लांब पडली होती, ती बुवाने मागच्या दाराशी आणून ठेवली. त्यामुळे विचारणारे वडाळ्यापासून यायला लागले.

ह्या गर्दीत एकटाच माणूस तोंड कडू करून उभा असायचा, तो लवू. लवू आणि त्याचा थोरला भाऊ गणपत एकाच गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर, होते. संपाने लवूच्या हातातला धोटा काढून घेतला, आणि काही वर्षांनी त्या हातात केबल टीव्हीची वायर आली. आता संपाला वीस वर्षं होऊन गेली होती आणि लवू अजून शिडी घेऊन चाळींच्या भिंती चढत होता. गणपत कावीळ होऊन केव्हाच गेला होता. तो चिमण्यांचा खोका गणपतनेच केलेला. संपाच्या दुसऱ्या वर्षी, रिकामे हात खायला उठतात म्हणून, पॅकिंगच्या फळ्या जोडून त्याने तो ठोकला होता. आत्म्याबित्म्यांशी त्याचा काही संबंध नव्हता. त्याला चिमण्या आवडायच्या, एवढंच.

पण बुवाने गणपतच्या बायकोला, सुभद्रावहिनींना, सांगितलं होतं की त्या पाखरात पहिला बोलतो तो तुझा घरवाला. विधवा बाईला आणखी काय पाहिजे? दर रविवारी त्या नवऱ्याला भेटायला यावं तशा धुतलेलं पातळ नेसून यायच्या. ते पाहिलं की लवूला बुवाची चीड यायची आणि वहिनींसमोर जीभ उचलायची नाही.

इथवर चाललं असतं तर लवूने दुर्लक्षही केलं असतं. पण वहिनींचा राजाराम आजारी पडला. हिंदमाताला साड्यांच्या दुकानात उभा राहणारा चोवीस वर्षांचा पोरगा, त्याला टीबी निघाला. सरकारी केंद्रात फुकट गोळ्या मिळाल्या. दोन महिन्यांत ताप गेला, अंगावर मूठभर मांस चढलं. सहा महिने पुरे करायचे आहेत असं केंद्रातून बजावलं होतं. पण गोळ्यांनी त्याला मळमळायचं, आणि पोरगा तर बरा दिसत होता. वहिनींनी कौल लावला, आता गोळ्या चालू ठेवू का? डावी कळी पडली. गोळ्या बंद झाल्या. त्यानंतर तिसऱ्या महिन्यात राजारामच्या थुंकीतून रक्त पडायला लागलं.

लवूने वहिनींचे पाय धरले. वहिनी म्हणाल्या, “भावोजी, तुमच्या दादांनी नको म्हटलंय. बाप आपल्या पोराचं वाईट करील काय?” राजाराम आईच्या शब्दाबाहेर नव्हता. त्याला उचलून नेलं असतं तरी तो परत आला असता.

लवूने एकदा आवारातच ओरडून सांगितलं होतं की पलीकडच्या कोठीतून कुणीतरी कळी ढकलतं. भिंतीमागे गिरणीची रिकामी कोठी होती आणि वॉचमनच्या मेहेरबानीने ती बुवाला राहायला मिळाली होती. पण लोकांनी लवूलाच वेड्यात काढलं. भाऊ मेल्यावरही मानाने मोठा झाला म्हणून ह्याच्या पोटात दुखतं, असं दगडूनाना म्हणाले. दगडूनाना म्हणजे चाळीतले सगळ्यात जुने साचेवाले आणि बुवाचे पहिले भक्त. तीस वर्षं साच्यांच्या खडखडाटात उभं राहून दोन्ही कान गेले होते, पण चाळीत शब्द त्यांचाच चालायचा.

शेवटी बुवा, कोठीत सोबत राहणाऱ्या मेहुण्याला घेऊन, शिमग्याला गावी गेला तेव्हा लवूने शिडी लावली. भरदुपारी लावली, कारण केबलवाल्याच्या शिडीकडे कुणी बघत नाही. खोक्याचं वरचं झाकण उघडलं तर आत घरटं नव्हतंच. कोपऱ्यात सरकवलेल्या गवतात तीन पिल्लं वाळून कडक झाली होती. मागची फळी कापून सरकती केली होती आणि तिच्यामागे भिंतीतल्या दोन विटा काढलेल्या होत्या. लवूला दादाचे हात आठवले आणि तो तिथेच शिडीवर थोडा वेळ डोळे पुसत राहिला.

हे तसंच लोकांना दाखवलं असतं तर लोक म्हणाले असते, फळी तूच कापलीस. म्हणून त्याने एका दुकानात चोरांवर नजर ठेवायला बसवलेला नि पुढे काढून टाकलेला कॅमेरा आणला. काड्यापेटीएवढा तो कॅमेरा भोकाच्या वरच्या कोपऱ्यात, मागच्या फळीकडे तोंड करून, गवतात दडवून बसवला. त्याची वायर पाण्याच्या पाइपालगत आपल्या इतर वायरींमधून थेट स्वतःच्या खोलीतल्या टीव्हीपर्यंत आणली. चाळीच्या भिंतीवर आधीच वीस काळ्या वायरी लोंबत होत्या, एकविसावी कुणाला दिसणार? आवाजाची सोय त्या कॅमेऱ्यात नव्हती. लवूला आवाज नकोच होता. त्याला फक्त हात दाखवायचा होता.

बुवा परतल्यावरच्या पहिल्या रविवारी, बुवाने कोठीचं दार आतून लावून घेतल्यावर, लवूने दगडूनानांना खुणेने सांगितलं की आज पाखराचं दर्शन टीव्हीवर होणार आहे. पाच मिनिटांत त्याची खोली भरली. वहिनीही आल्या, हातात नारळ. आज त्यांना विचारायचं होतं, राजारामला इस्पितळात नेऊ का? त्यांना सगळ्यांनी पुढे बसवलं, टीव्हीपासून दोन हातांवर.

पडद्यावर काळोख होता. मग मागची फळी सरकली आणि कोठीतल्या दिव्याचा उजेड आला. एक हात आत आला, छत्रीची सरळ केलेली काडी भोकापर्यंत घालून त्याने ती पुरते की नाही हे पाहिलं. तो बुवाच्या मेहुण्याचा हात. त्याच्या दुसऱ्या मुठीत चिमणी होती. मग चौकटीत बुवाचं तोंड आलं, अगदी समोर, आणि ते मेहुण्याशी बोलू लागलं.

बुवा खारेपाटणकडचा, गिरणीत एक दिवस काम न केलेला. साचाखात्यात माणसाचा आवाज माणसाला ऐकू येत नाही हे त्याला कुठून ठाऊक असणार? तिथे तीस वर्षं माणसं एकमेकांच्या ओठांवरून बोलणं वाचतात. त्या खोलीत असे आठ म्हातारे बसले होते. लवूलाही ते येत होतं, आणि पहिले चार शब्द वाचताच त्याचा हात टीव्हीच्या बटणाकडे गेला, कारण वहिनी समोर होत्या. हात बटणाजवळ थांबला. बंद केलं तर दहा वाजता डावी कळी पडणार होती. त्याने हात मागे घेतला.

दगडूनानांचं लक्ष कुणाकडेच नव्हतं. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. ते वाचत होते ते त्यांच्या तोंडून मोठ्याने बाहेर पडत होतं.

“ती सुभद्रा येतली. पोराक इस्पितळात न्हेऊ काय, ईचारतली. डावी पाड. थंय बरो झालो तर नाव डागतराचा. हंय मेलो तर बापाशीन बोलावन घेतलो म्हणान सांगूक येता.”

शेवटचा शब्द उच्चारल्यावर नानांना अर्थ लागला. त्यांनी वहिनींकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड झाकलं. वहिनी रडल्या नाहीत. नारळ जमिनीवर ठेवून त्या उठल्या आणि राजारामला इस्पितळात न्यायला टॅक्सी बघा, एवढंच लवूला म्हणाल्या.

खाली आवारात मग जे व्हायचं ते झालं. दगडूनानांनी स्वतः कोठीचं दार फोडायला लावलं, छत्रीची काडी आणि पिंजऱ्यातल्या चार चिमण्या बाहेर आणल्या, वाळलेली पिल्लं एकेकाच्या नाकासमोर धरली. बुवा डगमगला नाही. देवाक हात नाय, म्हणान त्याणां माझो हात घेतल्यान, काडी माझी पण इच्छा त्याची, असं तो म्हणाला. आणि सांगायला लाज वाटते, चार-दोन माना तेव्हाही हलल्या. पोलीस आले तेव्हा एक बाई त्याच्या पाया पडत होती.

इस्पितळात मृणालिनी डॉक्टरांनी लवूला बाजूला घेऊन समजावलं. गोळ्यांनी आधी दुबळे जंतू मरतात, म्हणून माणसाला बरं वाटतं. चिवट जंतू मागे उरलेले असतात, त्यांच्यासाठीच उरलेले महिने असतात. मध्येच औषध सोडलं की तेच वाढतात आणि मग त्या गोळ्यांना जुमानत नाहीत. बरं वाटणं वेगळं आणि बरं होणं वेगळं. हे कळायला कुठलाच कौल लागत नाही, सहा आठवडे आधी आणला असता तर पुष्कळ करता आलं असतं, असं त्या म्हणाल्या. राजाराम पुढे नऊ आठवडे जगला.

बाराव्याच्या दिवशी चाळ जमली. बोलता बोलता चाळीतली जाईबाई म्हणाली की धोंडू भोंदू निघाला खरा, पण वडाळ्याला एक बुवा आहेत ते अस्सल आहेत, सुभद्रेच्या मनाला शांती मिळेल. दोघी-तिघींनी पत्ता विचारला. लवू उसळून उठणार होता, तोच इतके दिवस गप्प असलेल्या वहिनी बोलल्या. आवाज चढला नव्हता.

“मला तो हात दिसला म्हणून मी शहाणी झाले. पण हात दिसला नसता तरी मला कळायला हवं होतं. आमचे हे जिवंत होते तेव्हा सर्दीची गोळीसुद्धा मला विचारून घ्यायचे. औषधातलं त्यांना काडीचं कळत नव्हतं. मेल्यावर ते डॉक्टर कुठून झाले? एवढा एक प्रश्न मी स्वतःला विचारला असता तर माझा राजा वाचला असता. वडाळ्याला जायचं त्यांनी जा. जाण्याआधी हा एवढा प्रश्न विचारून जा.”

जाईबाईने पदराच्या गाठीतली पत्त्याची चिठ्ठी काढली आणि फाडून टाकली.