न्हाणीघरातला ससाणा

शिंपीणबाईंनी सकाळपासून न्हाणीघराची कडी तपासायचा सपाटा लावला होता. कडी लागलेलीच असायची, तरी जाता-येता हात तिकडे जायचाच. बालसंगोपन कार्यालयातल्या मॅडम आज घर बघायला येणार होत्या आणि आत, टॉवेल वाळत घालायच्या दांडीवर, घरात ठेवायला बंदी असलेला ससाणा ऐटीत बसला होता.

तो आला नवऱ्याच्या कृपेने. नवरा बस डेपोत मेकॅनिक. एका बसच्या टपावर त्याला हे पिल्लू सापडलं, पंख मोडलेलं. नियम काय आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं, खाली जिन्यापाशी पाटीच होती: शिकारी पक्षी पाळायचा नाही, जखमी सापडला तर लगेच वनखात्याच्या हवाली करायचा, नाहीतर दंड, आणि वर खटला. नवरा म्हणाला, उद्या देऊ. मग म्हणाला, पंख जुळू दे. मग म्हणाला, जरा बाळसं धरू दे. अशी चालढकल करता करता पिल्लाचा चांगला दांडगा ससाणा झाला, आणि डेपो मॅनेजरसारखा डोळे वटारतो म्हणून त्याला सगळे, म्हणजे हे दोघेच, साहेब म्हणू लागले. आता द्यायला जावं तर इतके महिने कुठे होतात, हे कुणी ना कुणी विचारणारच.

शिंपीणबाई तरी कुठे साळसूद होत्या? साहेबांचं मांस त्याच कापायच्या, तेही शिवणाच्या जुन्या कात्रीने, कारण सुरी त्यांच्या हाताला कधी रुळलीच नाही. कात्रीची कचकच कानावर पडली की आतून साहेब घर डोक्यावर घ्यायचे. शेजारपाजाऱ्यांच्या भीतीने बाईंचा जीव टांगणीला लागायचा, आणि तरीही त्यांना ते ओरडणं आवडायचं. लग्नाला एवढी वर्षं झाली, घरात त्यांच्या हातच्या घासासाठी असा हट्ट कुणीच धरला नव्हता.

आता एक मुलगी यायची होती. पाच वर्षांची, आई लांबलेल्या दुखण्याने इस्पितळात. आई बरी होईपर्यंत मुलीला सांभाळायचं होतं. कार्यालयात दोनदा भेट झाली होती आणि दुसऱ्या वेळी ती शिंपीणबाईंच्या मांडीवर येऊन बसली होती. खटला लागलेल्या घरात कार्यालय मूल ठेवत नसे, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

मॅडम आल्या. खोल्या पाहिल्या, नवी छोटी गादी दाबून पाहिली, खिडकीचे गज हलवून पाहिले. न्हाणीघरापाशी थबकल्या तशी शिंपीणबाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

नळ गळतोय, प्लंबरने दार बंद ठेवायला सांगितलंय, नवऱ्याने ठोकून दिलं. मॅडमनी मान हलवली. साहेब पोटभर खाऊन अंधारात गप्प होते. निघायची वेळ झाली, चपला पायांत सरकल्या, नवऱ्याच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात मॅडमच्या बाहीतून लोंबणारा दोरा शिंपीणबाईंना दिसला. लोंबता दोरा बघून गप्प बसेल तो शिंपी कसला. घाबरलेल्या माणसाचे हात सवयीचंच काम शोधतात, तसे त्यांचे हात मशीनवरच्या कात्रीकडे गेले. "थांबा हं," म्हणत त्यांनी दोरा छाटला.

कच्च.

न्हाणीघरातून अशी किंकाळी उठली की भांड्यांच्या फळीवरची झाकणं थरथरली.

"नळ बराच गळतोय," मॅडम म्हणाल्या.

नवरा सगळा दोष आपल्या अंगावर घेत बोलत सुटला, ते कुणी ऐकलं नाही. शेवटी बाईंनीच कडी काढली. साहेब झेपावले आणि त्यांच्या मनगटावर येऊन बसले. मॅडम भिंतीला चिकटल्या, पण गेल्या नाहीत.

"पंख बरा दिसतोय की याचा. कधी झाला?"

"बरेच महिने झाले."

"मग दिला का नाहीत?"

"माझ्या हातचं खायचा," शिंपीणबाई म्हणाल्या. त्यांना दुसरं काही सुचलं नाही.

मॅडम म्हणाल्या, "याचं काय ते वनखातं बघेल. मला वेगळीच धास्ती आहे. पोरीची आई बरी झाली की पोरीला न्यायला मीच येणार. तेव्हाही असंच कडी लावून बसाल?"

शिंपीणबाईंना सकाळपासून कायद्याची भीती वाटत होती. आता वाटली ती स्वतःची, आणि ही फार मोठी होती. नाही म्हणायला तोंड उघडलं, पण ते खोटं ठरेल असं वाटून त्यांनी मिटलं.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "बसेनही कदाचित."

मग त्यांनी नवऱ्याला फोन लावायला सांगितला आणि वनखात्याच्या माणसाला सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. तो खोका घेऊन आला. साहेब मनगट सोडेनात. शिंपीणबाईंनी एकेक नखी बोटाने सोडवली, बाही फाटली, खाली रक्त आलं, पण हात थांबले नाहीत. नवरा तोंड फिरवून उभा होता. आपणहून कळवलंत म्हणून दंडावर भागेल, खटला नाही, असं सांगून माणूस खोका घेऊन जिना उतरला. खोक्यातली ओरड खालच्या दारापर्यंत ऐकू येत होती.

मॅडम हे सगळं बघत खुर्चीवर बसून होत्या. उठता उठता म्हणाल्या, "सोमवारी पोरीला घेऊन येते."

एवढे महिने ज्याची वाट पाहिली ते हातात आलं, तरी शिंपीणबाईंनी मॅडमना दारात अडवलं.

"त्याआधी मला तिच्या आईकडे न्या," त्या म्हणाल्या. "मला तिचा चेहरा बघू दे. नाहीतर पोर परत देताना माझा भरवसा नाही."