पायाला चिकटलेली बुटकी

बुटकीला शाळेच्या नाटकात एकही वाक्य नव्हतं, आणि ही बातमी तिच्या थोरल्या भावाने जेवणाच्या टेबलावर साऱ्या घराला दिली.

"मी निरोप्या! पेशीच्या केंद्रातून धावत सुटतो आणि ओरडतो, 'विषाणू घुसला, फौज बोलवा!' आणि ही? ही माझ्या पायाला चिकटते. गोचिडीसारखी."

"मी विषाणूचा छोटा आरएनए आहे," बुटकी म्हणाली खरी, पण डोळे भरून आलेच. रविवारी सगळे नातेवाईक येणार, आणि आपण तोंड शिवून बसायचं!

वाटाणे सोलणाऱ्या आत्याने मान वर केली. ती विषाणूंच्या प्रयोगशाळेत काम करायची आणि विषाणूंबद्दल शेजाऱ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या काढाव्यात तसं बोलायची.

"अगं वेडे, सगळ्यात चालू पात्र तुला मिळालंय. ऐक. जनुकं केंद्रात बसून असतात. त्यांचा निरोप घेऊन आरएनएची लांब पट्टी बाहेर येते. ती वाचली गेली, की प्रथिनं तयार होतात. ती आपली फौज. कळलं?"

"हं."

"काही विषाणू महालबाड. ते जनुकाला हातही लावत नाहीत. एक चिमुकला आरएनए सोडून देतात. त्याच्यापासून एक प्रथिन बनेल तर शपथ! तो फक्त धोक्याचा निरोप शोधतो आणि जिथे अक्षरं जुळतात तिथे चिकटतो. झालं. आता वाचणार काय, कपाळ?"

"मग?"

"मग तर खरी गंमत. तो निरोप पेशीचीच माणसं येऊन फाडतात. विषाणू आपला लोळतोय आरामात."

भाऊ फिस्कारला. "आमच्या नाटकात मी पाय झटकतो आणि ही पडते. बाईंनी तसं लिहिलंय."

"लिहिलं असेल. विषाणूने वाचलंय का ते?" आत्या म्हणाली.

रविवारी भाऊ मानेपासून गुडघ्यापर्यंत कागदाची पट्टी गुंडाळून धावत आला. बुटकी घसरत गेली आणि तिने पायाला मिठी मारली. त्याने पाय झटकला. पुन्हा झटकला. ती हलेना.

"सोड ना!" तो दातओठ खात पुटपुटला.

बुटकी गप्प. तिला वाक्यच नव्हतं.

"निरोप आला का रे?" डोक्यावर पातेली घातलेल्या फौजेने पडद्याआडून विचारलं. प्रेक्षक खिदळू लागले. विज्ञानाच्या बाईंचा धीर सुटला. त्यांनी पेशीचे कामगार झालेली दोन दांडगी पोरं आत पिटाळली. "ओढा त्याला!"

पोरांनी ओढलं. नेमकी पट्टीच ओढली. टर्रर्र! निरोपाचे दोन तुकडे झाले आणि बनियन-चड्डीतला निरोप्या धूम पळाला.

"शाब्बास! अस्संच होतं! अगदी अस्संच!" तिसऱ्या रांगेत आत्या उभी राहून ओरडली.

बाईंनी आधी आत्याकडे पाहिलं, मग हसून हसून डोळे पुसणाऱ्या मुख्याध्यापकांकडे, आणि पडद्याच्या दोरीवरचा हात खाली घेतला.

इकडे विषाणू झालेला मुलगा भांबावून उभा. बाईंच्या नाटकात तो आत्तापर्यंत मेलेला असायचा. पुढे करायचं काय, ते त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. बुटकीने अंगावरचे कागदाचे कपटे झटकले, त्याच्याकडे पाहिलं आणि नुसत्या बोटाने खूण केली: लोळ.

तो रंगमंचाच्या मधोमध पाय पसरून लोळला.