थिडाची हिरवी लुंगी

“वाळली होती म्हणून काढली, नीट घडी घातली. त्यात माझं काय चुकलं ते तरी सांग,” शुभदाताई म्हणाल्या.

“मॅडम, मी सांगून गेले होते. हात नका लावू म्हणून.” थिडाचा आवाज चढला.

“हळू बोल. शेजारी ऐकतील.”

“ममा, सॉरी म्हण आणि सोड ना लाह,” आतून इरा म्हणाली. ती शुभदाताईंची मुलगी, सिंगापुरात वाढलेली, म्हणून इथल्यासारखं ‘लाह’ लावते.

मित्रांनो, हे भांडण माझ्यावरून चाललंय. मी एक जुनी हिरवी लुंगी आहे, म्यानमारच्या बायका नेसतात तशी. थिडा सिंगापूरच्या चोआ चू कांग भागातल्या या फ्लॅटमध्ये घरकाम करते. चार वर्षांत तिचा आवाज चढलेला मी आजच ऐकला.

मला थिडाच्या आईनं मागावर विणलं. मी काही भारीतली नाही, काठात एक गाठ राहिलीय. पण माझ्याएवढं काम गावात दुसऱ्या कपड्यानं केलं नसेल. तिकडे लढाई लागली. आपल्याच देशाचं सैन्य आपल्याच गावांवर. थिडाचं घर रस्त्याच्या वळणावर होतं. ती सैनिकांना चहा विकायची, गोड बोलायची आणि गाड्या मोजायची. सैनिक आले की मला दोरीवर टाकायची, गेले की काढायची. तिची बहीण म्या सैन्याशी लढणाऱ्यांबरोबर डोंगरात होती, तिथून बघायची. हिरवं दिसलं की थांबायचं, दोरी रिकामी दिसली की गाड्यांची बातमी न्यायला खाली यायचं.

सैनिकांनी झडती घेतली, मडकी फोडली, पण मला कुणी शिवलं नाही. बाईच्या लुंगीखालून गेलं की पुरुषाचं बळ जातं, असं तिकडे मानतात. हातात बंदुका, आणि घाबरायचे मला.

हे काम घरात कुणाला सांगायचं नाही, असं दोघींचं ठरलेलं. आईलासुद्धा नाही. एका दुपारी सैनिक झाडाखाली लोळत पडले होते आणि थिडा विहिरीवर गेली होती. आईनं मला चाचपलं. मी खडखडीत वाळले होते. उन्हानं रंग उडेल म्हणून तिनं मला काढलं, घडी घातली, पेटीत ठेवलं.

म्या खाली आली.

मी पेटीत होते. मला फक्त आवाज आला.

आपल्या घडीमुळे म्या खाली आली, हे आईला अजून माहीत नाही. दर रविवारी ती फोनवर विचारते, “लुंगी जपतेस ना? रंग उडू देऊ नकोस.” थिडा म्हणते, “जपते, अमे.” अमे म्हणजे आई.

म्या गेली त्या तारखेला थिडा मला खिडकीबाहेर, कपडे वाळवायच्या बांबूवर टाकते, अंधार पडेपर्यंत. आज मला बांबूवर टाकून ती विहारात दिवा लावायला गेली होती.

“माझ्या आईनंपण घडीच घातली होती,” थिडा आता हळू बोलली. “लुंगी दिसली नाही म्हणून बहीण खाली आली. खाली सोल्जर होते.”

शुभदाताईंनी मला उचलून हातात घेतलं. “आईला सांगितलंस?”

“नाही. सांगणार पण नाही.”

तेवढ्यात फोन वाजला. आज रविवार. थिडानं डोळे पुसले.

“हो, अमे. आहे ना, इथेच आहे. रंग? नाही उडाला. तू आत घेतलीस म्हणून.”

मित्रांनो, दुसऱ्याचा कपडा दोरीवरून काढायच्या आधी एकदा विचारत जा. जास्त उपदेश मला जमत नाही. शुभदाताईंनी माझी घडी मोडलीय, खिडकीशी बांबू धरून उभ्या आहेत. बाहेर अजून उजेड आहे. मला जायला हवं.