उन्हात वाळवलेला गूळ

मी सातवीचं गाईड बोलतोय, आणि आधीच सांगतो, मला माझीच किळस येते. भूगोल, विज्ञान, मराठी, इतिहास, साऱ्या विषयांची उत्तरं माझ्या पोटात आहेत. त्यातली किती खरी, हे मला कुणी कधी विचारलं नाही.

माझा जन्म पुण्यातल्या एका छापखान्यात, १९७३ साली. तिथून एस.टी.ने कोल्हापूरला आलो आणि दत्तोपंत गुरुजींच्या टेबलाच्या खणात पडलो. गुरुजी गृहपाठाची उत्तरं माझ्यातून फळ्यावर उतरवायचे आणि वह्या तपासायचेही माझ्यातूनच. ‘माझे गाव’ या निबंधात पुण्याच्या लेखकाने लिहिलं होतं, ‘माझे गाव मुठेच्या काठी वसले आहे.’ सकाळी पंचगंगेत डुंबून आलेल्या चाळीस पोरांनी ते ओल्या केसांनी उतरवून घेतलं. गुरुजींनी चाळीस वेळा ‘छान’ लिहिलं. शी!

एकीने मात्र माझं ऐकलं नाही. ती आक्काताई, जोतीराम गुळव्याची लेक. बापाचा गूळ करण्यात हातखंडा होता, पण तो अक्षरशत्रू. त्याने बजावलं होतं, सातवी नापास झालीस तर शाळा बंद.

सहामाहीला प्रश्न आला, ‘गूळ कसा तयार करतात?’ माझ्यात उत्तर होतं, ‘उसाचा रस परातीत ओतून उन्हात वाळवतात.’ लिहिणाऱ्या गृहस्थांनी ऊस फक्त रसवंतीच्या ग्लासात पाहिला असावा! आक्काताईने लिहिलं ते काहिलीत उकळणाऱ्या रसाचं, भेंडीचा चिकट रस घालून वर काढलेल्या मळीचं, पाक गोळीबंद झाला का ते बघणाऱ्या बापाचं. गुरुजींनी शून्य दिलं आणि ती विज्ञानात नापास झाली.

“गुरुजी, माझा बा गुळव्या हाय. मी रोज बघतोय की!”

“तुझा बा पेपर तपासणार आहे का? वार्षिकलाही हेच उत्तर लागतं.” त्यांनी मला तिच्या अंगावर टाकलं. “पाठ कर.”

त्या दुपारी गुरुजींनी वर्गातच डबा उघडला. चपातीबरोबर गूळ होता, जोतीरामनेच पाठवलेल्या ढेपेतला. ते चवीने खात होते आणि मला शिसारी येत होती.

आक्काताईने मला पाठ केलं. वार्षिकला तोच प्रश्न आला. तिने रस उन्हात वाळवला आणि पास झाली.

पेपर घरी आला. जोतीराम म्हणाला, “गुळाचं काय लिवलंयस, वाच की.”

आक्काताईने कागदावर नजर ठेवली आणि काहिलीपासून ढेपेपर्यंत सगळं खरंखुरं वाचून दाखवलं. कागदावर त्यातलं अक्षरही नव्हतं.

“व्हय, आसंच आसतंय,” बाप खुशीत म्हणाला. “मास्तर लई हुशार हाय तुजा.”

मला उलटं करून तिने कोपऱ्यात सरकवलं.

आता मी रद्दीवाल्याच्या तागडीत पडलोय. माझ्या पानांत शेंगदाणे बांधा, फरसाण बांधा, माझी तक्रार नाही. फक्त खाऊन झाल्यावर पुडीवरचं वाचू नका.