कुंदाच्या चपलांचं माप

आमची कुंदा शाळेची नोकरी सोडते म्हणाली, तेव्हा मी तिच्यावरच उखडले. जोगेश्वरीहून चालत अंधेरीला जाऊन दुसरीच्या पोरांना शिकवणारी माझी सून. सगळ्या चाळीत मी मिरवायचे तिच्या जिवावर! आणि ही बया म्हणते, "जाणं-येणं नाही हो जमत आता, आई." शनिवारी राजीनामा देणार होती.

"अर्ध्या तासाची तर वाट. काय होतं गं तुला?" मी विचारलं. ती उठून भांडी घासायला बसली. घुमी मेली! दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही.

बुधवारी कोपऱ्यावर भाजी घेत होते, तर समोरून कुंदा येताना दिसली. अनवाणी, चपला हातात. घर जवळ आलं तशी एका झाडाआड थांबली, एकेक पाय चपलेत कोंबला आणि लंगडत पुढे निघाली.

घरी येऊन तिला बसवलं आणि पाय बघितले. दोन्ही करंगळ्यांना फोड, टाचांना भेगा.

"अगं, चपला लहान होतात हे सांगायला काय झालं होतं?"

"हे दरवर्षी तुमचा दोरा नेतात ना मापाला," ती पुटपुटली. "तुम्ही जपून ठेवलेला."

तो दोरा! लग्न ठरलं तेव्हा नव्या चपला आणायच्या म्हणून मीच तिच्या पावलाचं माप दोऱ्यावर घेतलं होतं आणि गाठ मारून डब्यात ठेवलं होतं. माझा लेक मधुकर, तो दरवर्षी तोच दोरा घेऊन दुकानात जायचा. मध्ये नातू झाला, पोरीचं अंग भरलं, पावलं पसरली. दोरा आपला तेवढाच. सासूच्या मापाला नावं ठेवायची कशी, म्हणून ही पाच वर्षं गप्प. चूक माझी होती, सरळ सरळ माझी. मला माझाच राग आला.

माझ्या सैल वहाणा तिच्या पायात घातल्या आणि तिला स्टेशनाजवळ चपला शिवणाऱ्या दशरथकडे नेलं. त्याला दोऱ्याची गोष्ट सांगितली.

"बरं झालं संध्याकाळी आलात," तो म्हणाला. "दिवसभरानं पाय फुगतो, माप तेव्हाचंच धरायचं. बसून नाही ताई, उभ्या राहा, सगळा भार द्या. दोऱ्यानं लांबी कळते हो, पंजाची रुंदी नाही कळत."

त्यानं खाली कागद पसरला आणि पेन्सिल काढली. कुंदानं पाय मागे घेतला. परक्या पुरुषाचा हात, तोही भर बाजारात.

"दे रे इकडे ती पेन्सिल," म्हटलं आणि मीच खाली बसले.

"अहो आई, हे काय! तुम्ही माझ्या पायांना हात लावता? उठा ना, लोक बघतायत."

"बघू देत. त्यांना दुसरा उद्योग नाही."

जन्मात मी कधी पेन्सिल धरली नव्हती. डाव्या हातानं तिचा घोटा धरला आणि टाचेपासून रेघ काढत निघाले. करंगळीच्या फोडापाशी आले तेव्हा तर श्वासच रोखून धरला. माझ्या मनगटावर टपकन पाणी पडलं. वर बघितलं तर पोर रडत होती.

"आई, मला नाही हो शाळा सोडायची."

"मग कोण सोडायला सांगतंय? हलू नकोस, रेघ वाकडी जाते. हां. आता दुसरा पाय दे."