सात निरांजनं आणि बारा हजार लिटर

पंधरा वर्षं मी गुवाहाटीच्या लाइनवर ट्रक चालवला. आसामात एकदा रस्त्यावर इतकं पाणी भरलं की मी इंजिन बंद केलं आणि ट्रक आपला आपण वाहत पुढच्या ढाब्याला जाऊन लागला. डिझेल वाचलं म्हणून मालक खूश. खोटं वाटत असेल तर त्या ढाबेवाल्याला विचारा. तो त्याच पुरात वाहून गेला म्हणतात, पण विचारायला काय हरकत आहे?

तर एवढ्या मुलखात मी कधी वैतागलो नाही. वैतागलो तो पेण ते रोहा या एवढ्याशा रस्त्यावर.

झालं असं की, त्र्याण्णव साली दोन महिन्यांनी निडीला घरी आलो, तर आमच्याच कुत्र्यानं माझी पोटरी धरली. बायको, शकू, ओट्यावरून कुत्र्याला म्हणाली, "सोड रे त्याला, ओळखीचा हाय." नुसता ओळखीचा. तेव्हाच ठरवलं, लांबची लाइन बंद. आता जवळचा पेट्रोलचा टँकर. सकाळी डेपोत भरायचा, पेण, वडखळ, रोहा इथल्या पंपांवर रिकामा करायचा, संध्याकाळी घरी जेवायला.

सुखाची नोकरी, असं मला वाटलं. अहो, गुवाहाटीपर्यंत मला कुणी ओळखत नव्हतं, हे केवढं सुख होतं ते तेव्हा कळलं. इथं दर फर्लांगाला एक नातेवाईक हात करून उभा.

ठेकेदाराचे सुपरवायझर होते दामोदर ओक. शिस्तीचा माणूस, हसायचं असलं तरी आधी घड्याळ बघायचे. त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं, "कान्हू, महिनाभर परीक्षा. पंपाशिवाय थांबायचं नाही, कुणाला बसवायचं नाही, आगीच्या जवळ जायचं नाही. तीन लाल शेरे पडले, की परत तुझा आसाम."

पहिला शेरा पडला धोंडुमावशीमुळे. वडखळला फाटकाशी गाडी हळू झाली, तशी ती दोन कोंबड्या घेऊन केबिनमध्ये चढली.

"मावशी, उतर. नियम हाय."

"कसला नियम रे? मुलूखभर परक्यांना फिरवलंस, आणि मावशीला तुझा टँकर जड होतो व्हय?"

मावशी उतरली, एक कोंबडी सीटखाली राहिली. ती संध्याकाळी डेपोत ओकसाहेबांना सापडली.

दुसरा शेरा जोहे गावच्या मूर्तिकार प्रवीणचा. मी पेणला पंपाच्या ऑफिसात सही करत होतो, तेवढ्यात यानं गणपतीची मूर्ती टाकीवर नेऊन बांधली. रोह्याला पोचवायची होती म्हणे. मी ओरडलो, तर मलाच विचारतो, "देवाला कुठं तिकीट लागतं काय?" तपासणीला आलेल्या साहेबांनी ते वाक्यसुद्धा वहीत लिहून घेतलं.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. साहेब स्वतः शेजारी बसून येणार होते. निघताना मी शकूला म्हणालो, "आज फैसला हाय गो." हीच माझी चूक. गुवाहाटीला निघताना पंधरा वर्षं तिनं ट्रकला ओवाळलं होतं, चाकाखाली नारळ ठेवला होता. टँकर डेपोत उभा असायचा, म्हणून महिनाभर तिला ओवाळता आलं नव्हतं. ते तिला लागून राहिलं होतं, आणि मला बापड्याला ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी सगळं पेट्रोल रोह्यालाच उतरायचं होतं. वडखळ सुटलं, नागोठणं सुटलं. रस्त्यात कुणी नाही. साहेब म्हणाले, "बरं चाललंय." आणि निडीच्या वळणावर मला दिसलं: रस्त्याच्या मधोमध शकू, तिच्यामागे सहा बायका, सगळ्यांच्या हातात ताटं, ताटांत पेटती निरांजनं. एरवी खाडीचा वारा छपरं उडवून नेतो. त्या दिवशी तो रजेवर.

पाठीशी बारा हजार लिटर पेट्रोल आणि समोर सात ज्योती. मी कचकन ब्रेक मारला.

"कान्हू, कोण आहेत या?" साहेबांचा आवाज चिरकला.

"मधली आमची हाय साहेब. बाकीच्या तिच्या मैत्रिणी."

मी गाडी मागे घेतली. बायका पुढे आल्या. मी आणखी मागे घेतली, त्या आणखी पुढे. मी खिडकीतून हात जोडतोय, "शकू, लांब राहा गो." तिला वाटलं, मी नमस्कार करतोय. लोक सांगतात अर्धा मैल मी टँकर उलटा चालवला. मी सहा मैल सांगतो, कारण लोक तिथं नव्हते.

शेवटी साहेबच उडी मारून खाली उतरले आणि हात पसरून बायकांना आडवे गेले. टँकर लांब ठेवून मीही त्यांच्यामागे धावलो.

"बाई, आधी हे विझवा."

"ओवाळायचा दिवा फुंकायचा नसतो साहेब," शकू शांतपणे म्हणाली. "एकदा पेटवला, की ओवाळल्याशिवाय परत नेत नाय."

"पण टँकरला ओवाळता येणार नाही."

शकूनं क्षणभर विचार केला. "मग टँकरच्या साहेबाला चालंल." आणि तिनं त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं.

सातजणींनी ओवाळलं. साहेब भर उन्हात डोक्यावर रुमाल घालून उभे. सातजणींतली शेवटची, काशीबाई, ओवाळून झालं तरी ताट पुढे धरून हलेना. ताटात काही टाकायला हवं, म्हणून साहेबांनी खिशात हात घातला, गडबडीत मुठीत आलं ते बाहेर काढलं आणि ठेवलं ताटात. सिगारेटचं पाकीट आणि काडेपेटी.

अख्खा रस्ता ती काडेपेटी माझ्या शेजारी, त्यांच्या खिशात बसून आली होती.

काशीबाईनं काडेपेटीकडे बघितलं, मी साहेबांकडे बघितलं, साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. बायका ताटं घेऊन घरी गेल्या. आम्ही केबिनमध्ये चढलो. साहेबांनी वही काढली.

"कान्हू, वहीत काय लिहू?"

"खरं तेच लिहा साहेब. ड्रायव्हर आगीपासून मागे मागे गेला."

त्यांनी तसंच लिहिलं, शेरा काळ्या शाईत. नोकरी पक्की झाली. संध्याकाळी घरी पोचलो, तर शकू ओट्यावर बसलेली.

"झालं का पक्कं?"

"झालं."

"बघ. मग दर सोमवारी तिथंच उभी राहते आता."

मी डोक्याला हात लावला. "घरी उभी राहा गो," म्हटलं, "मी रोज येणार हाय आता, मलाच ओवाळ."