सोमवारच्या तारखेसाठी

"सावकाश बोला. मी ऐकतेय," असं नेहमीसारखं म्हणून मी फोन घेतला आणि पलीकडच्या पहिल्याच खाकरण्याला ओळखलं. ताईचा नवरा! माझ्याशी आयुष्यात कधी धड चार वाक्यं बोलला नव्हता. तो मला कुठून ओळखणार?

आमच्या हेल्पलाइनवर नियम आहे. ओळखीचा आवाज आला की हात वर करायचा, मग शेजारची तो फोन घेते. मी हात मांडीखाली दाबून बसले. ताईला यानं जगणं नकोसं केलं होतं. मरावंसं वाटतंय म्हणाली, तर हा म्हणे, "नाटकं बंद कर." ती वाचली ती अशाच एका हेल्पलाइनमुळे. आता सोमवारी कोर्टात दोघांच्या घटस्फोटाची तारीख होती, आणि हा शहाणा आधीच निसटू बघत होता. छे! ताई बोलणार आणि हा उभा राहून ऐकणार. त्यासाठी तो मला जिवंत हवा होता.

"जीव द्यायचा विचार येतोय का?" मी सरळ विचारलं. आम्ही आडवळणानं विचारत नाही.

"हो," तो म्हणाला आणि मग रडायलाच लागला. "मीच छळलं हो तिला. आता माझीच ही गत. लोक म्हणतील, नाटक करतोय."

जिभेवर काय काय आलं होतं! सगळं गिळलं. "हे नाटक नसतं," मी म्हणाले. ताईच्या हक्काचं वाक्य याच्या पदरात घातलं, त्याचा राग अजून जात नाही. मग त्याला भावाला बोलवायला लावलं, उद्याची डॉक्टरांची वेळ घ्यायला लावली. भावानं दार वाजवेपर्यंत फोन सोडला नाही.

सोमवारी गडी ठणठणीत! "मी तिला कधी दुखावलं नाही," असं साळसूदपणे सांगत होता. शेजारी ताईनं ओठ चावला. मला सगळं ठाऊक होतं, पण फोनवरचं बाहेर काढायचं नाही, हा नियम मी मोडणार नव्हते.

"मरावंसं वाटतंय म्हणाली, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?" ताईच्या वकीलबाईंनी विचारलं. तो अडखळला.

मी बाकावरून फोनवरच्याच आवाजात म्हणाले, "सावकाश बोला. मी ऐकतेय."

न्यायाधीशांनी मला दटावलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग मान खाली घालून म्हणाला, "नाटकं बंद कर, असं म्हणालो होतो."